कुलूपबंद टिपांचं एक्स्टेन्शन मालकालाच आत घेईना

सेलूचा_सेतूवाला

नमस्कार मंडळी. सेलूत माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, रहिवासी, नॉन क्रिमीलेअर, पीक विमा, जे येईल ते. जूनमध्ये प्रवेशाचा हंगाम लागला की शटर उघडायच्या आधी पायरीवर लोक बसलेले असतात. एकाचा अर्ज भरता भरता दुसऱ्याचं काय राहिलंय ते ध्यानात राहत नाही, म्हणून ब्राउझरमध्येच टिपा लिहायचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, घेतलं. पासवर्डवालं घेतलं, कारण कॉम्प्युटर एक आणि त्यावर बसणारी पोरं दोन. कुणाच्या रेशनकार्डावर नाव चुकलंय, कुणाची किती बाकी आहे, हे सगळ्यांनी वाचायची गरज नाही.

आता वैताग ऐका. टीप उघडली, अर्धी लिहिली, मधेच अर्जाच्या पानावर क्लिक करून क्रमांक कॉपी करायला गेलो की टिपेची खिडकी गायब. परत उघडली की पासवर्ड माग. पासवर्ड देऊन आत जावं तर अर्धी लिहिलेली टीप नाही. गिऱ्हाईक समोर उभं, मागून दुसरा ओरडायलाय "माझं झालं का", आणि मी बारा अक्षरांचा पासवर्ड टाकत बसायलोय. कमी अक्षरांचा ठेवू देत नाही.

दुसरं म्हणजे मोठी टीप कधी जतन होते, कधी होत नाही. सांगत पण नाही. हिरवी खूण दाखवतं आणि उद्या बघावं तर कालचंच.

एक्स्टेन्शनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बदलून पण बघितलं, तऱ्हा तीच. लाईट गेली तर काय होतं ते विचारूच नका. हे फक्त माझ्याकडंच व्हायलंय का?

मांजराकाठची

भाऊ, तुमच्याकडंच नाही. माझं तर टीप लिहायच्या पुढचं आहे, आतच जाता येईना. केज तालुक्यात बचत गटांचं काम करते. गटांच्या बैठकांची टिपणं, कुणी कर्ज का थकवलं त्याची खरी कारणं, असलं बरंच आत आहे. बायका विश्वासानं सांगतात, म्हणून कुलूप लावलं. पासवर्ड मराठीत ठेवला, कुणाला सुचणार नाही असा. जुन्या लॅपटॉपवर चालत होता. नवीन घेतला, टिपांची फाइल त्यावर आणली, तोच पासवर्ड टाकते तर "चुकीचा पासवर्ड". अक्षर न् अक्षर तेच आहे. डोळे फोडून बघितलं.

उदगीरचे_काका

बँकेत छत्तीस वर्षं काढली. वही आणि पेन. पासवर्ड लागत नाही, अपडेट होत नाही, लाईट लागत नाही. चालू द्या तुमचं.

सेलूचा_सेतूवाला

काका, वही टेबलावर राहिली की आख्खं गिऱ्हाईक वाचतं. माझ्याकडं होती वही. एकानं स्वतःच्या भावकीचं पान फोटो काढून नेलं.

नांदेडचा_कोडवाला

मी पुण्यात असतो, पण गाव नांदेडजवळ, म्हणून या मंचावर. एक्स्टेन्शन लिहिण्याचंच काम करतो. सेतूवाले दादा, तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत. त्यातलं एक ब्राउझरचं आहे, दोन ज्यानं एक्स्टेन्शन लिहिलं त्याच्या आळसाची.

खिडकी गायब होते ते. टूलबारवरच्या चिन्हावर दाबून जी छोटी खिडकी उघडते ती ब्राउझर स्वतः बंद करतो. बाहेर कुठंही क्लिक केलं की ती मिटते, आणि लिहिणाऱ्याला ती उघडी ठेवायची सोय दिलेलीच नाही. ती मिटली की तिच्यातलं सगळं जातं. मग प्रत्येक अक्षरागणिक मसुदा बाजूला साठवत राहायला पाहिजे. हे दहा ओळींचं काम आहे, पण बरेच जण "जतन करा" बटणावर सोडून देतात. क्रोममध्ये २०२३पासून बाजूपट्टीची सोय आहे, आवृत्ती ११४ पासून. ती पानाशेजारी उघडी राहते, पानावर क्लिक केलं तरी मिटत नाही. टिपांच्या एक्स्टेन्शनला खरं तर तीच पाहिजे. निवडताना बाजूपट्टीत उघडतं का एवढं आधी बघा.

सारखा पासवर्ड मागतं ते. पूर्वी एक्स्टेन्शनचा मागचा भाग ब्राउझर चालू असेपर्यंत जागा राहू शकायचा. पासवर्डवरून तयार झालेली किल्ली तिथं स्मृतीत पडून राहायची. आता मॅनिफेस्ट व्ही३ नावाची नवी रचना आहे. तिच्यात मागचा भाग काम नसेल तर ३० सेकंदांत झोपवला जातो. झोपला की किल्ली गेली. पुन्हा जागा होतो तेव्हा त्याला तुम्ही कोण ते माहीत नसतं, म्हणून परत विचारतो. याला तोड आहे. ब्राउझर बंद होईपर्यंतच टिकणारी, डिस्कवर न उतरणारी साठवणीची जागा क्रोमनं दिलेली आहे. किल्ली तिथं ठेवायची आणि "पंधरा मिनिटं हात लागला नाही तर कुलूप" अशी सोय करायची. ज्यांनी जुनं एक्स्टेन्शन कसंतरी नव्या रचनेत ढकललं त्यांनी हे केलेलं नाही.

जतन न होण्याचं सांगतो, पण आधी एक सांगा: न होणाऱ्या टिपा मराठीत आहेत का?

अभ्यासिका_औरंगपुरा

दादाला विचारलंय पण मीच सांगतो, हो! राज्यसेवेचा अभ्यास करतोय, संभाजीनगरला. अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर माझ्याच लॉगिननं टिपा काढतो. राज्यघटनेच्या टिपा इंग्रजीत आहेत, कलमांसकट लांबलचक, एकही हललेली नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची टीप मराठीत काढली. रामानंद तीर्थ, वंदे मातरम् चळवळ, गोविंदभाई, रझाकार, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची कारवाई, सगळं. ती निम्म्याच्या पुढं जतनच होईना. मला वाटलं माझं नेट.

नांदेडचा_कोडवाला

नेट नाही. हिशोब बघा, मजा आहे.

ज्या एक्स्टेन्शनच्या टिपा तुमच्या खात्याबरोबर दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपोआप जातात ते बहुतेक वेळा क्रोमची सिंकची साठवण वापरतं. ती जागा एकूण १,०२,४०० बाइट, म्हणजे १०० केबी. आणि एका नोंदीला ८,१९२ बाइट, त्याच्या वर नाही. ही जागा सेटिंग्ज ठेवायला केली होती, ग्रंथ लिहायला नाही.

आता इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नाही. काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. "सातबारा" म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. "प्रमाणपत्र" दिसायला पाच अक्षरं, पण आत १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. त्यावर एन्क्रिप्शन केलं, म्हणजे मजकूर कुलूपबंद केला, की निघालेला मजकूर पुन्हा साध्या अक्षरांत बसवतात, त्यात आणखी तिसरा हिस्सा वाढतो. म्हणजे ८,१९२ मधले जेमतेम ६,१४४ बाइट हातात उरतात. मराठीत तीन-साडेतीनशे शब्द झाले की नोंद भरली.

भरल्यावर ब्राउझर चूक कळवतो. ती चूक वाचून माणसाला सांगणं लिहिणाऱ्याच्या हातात. न वाचताच हिरवी खूण दाखवली की तुमचं जे झालं ते होतं. हे लिहिणारे इंग्रजीत चाचणी घेतात, त्यांना ही भिंत कधी लागतच नाही.

नुसत्या त्या कॉम्प्युटरपुरती ठेवायची जी साठवण असते तिला क्रोममध्ये १० एमबी जागा आहे. तिच्यात हा त्रास नाही, पण तिथलं दुसरीकडं जात नाही.

सेलूचा_सेतूवाला

आयला. म्हणजे मराठीत लिहिलं म्हणून. बरं मग इंग्रजीत लिहू का आता गिऱ्हाइकांची नावं?

नांदेडचा_कोडवाला

नाही दादा. टीप तोडून लिहा, गिऱ्हाइकागणिक एक. किंवा ज्यानं लिहिलंय त्याला दोन शब्द सुनवा. स्टोअरवर परीक्षणात "मराठी मजकूर जतन होत नाही, मोठी नोंद तोडून साठवा" असं नेमकं लिहिलं तर एखादा करतोही. नुसतं "बेकार आहे" लिहून काही होत नाही.

बीडची_मास्तरीण

धागा वाचून राहवलं नाही. माझा प्रश्न वेगळा. आमच्याकडं एक सहकारी शिक्षिका, तिच्या मुलांच्या समुपदेशनाच्या नोंदी असल्याच एका एक्स्टेन्शनमध्ये. बाळंतपणाच्या रजेवरून आली, पासवर्ड आठवेना. कुठंही "पासवर्ड विसरलात?" असं बटणच नाही! बनवणाऱ्याला मेल केला तर उत्तर, "आम्ही काहीही करू शकत नाही." हे काय उत्तर झालं? बँक देते नवीन पासवर्ड, मेल देते, सरकारी पोर्टलसुद्धा देतं. यांना एवढा कसला माज?

जालन्याचा_नेटवर्कवाला

ताई, वाईट वाटलं वाचून, पण त्या बनवणाऱ्याची बाजू घेतो. या आख्ख्या धाग्यात प्रामाणिक एक्स्टेन्शन तेवढंच दिसतंय.

बँक नवीन पासवर्ड देते, कारण तुमचे पैसे बँकेकडं आहेत आणि पासवर्ड फक्त "ही तीच बाई का" ते बघायला आहे. इथं तसं नाही. तुमच्या पासवर्डवरूनच किल्ली तयार होते. पीबीकेडीएफ२ किंवा आर्गॉन२ नावाच्या पद्धती आहेत, त्या पासवर्ड मुद्दाम खूप मेहनतीनं घुसळून किल्ली काढतात, म्हणजे भराभर अंदाज टाकून फोडणाऱ्याचा प्रत्येक अंदाज महाग पडावा. त्या किल्लीनं मजकूर एईएस-२५६ नावाच्या कुलपात बंद होतो. पासवर्ड कुठंच ठेवलेला नसतो. बनवणाऱ्याकडं द्यायला खरंच काही नाही.

म्हणून उलटं लक्षात घ्या. एखादं एक्स्टेन्शन मेलवर लिंक पाठवून पासवर्ड बदलून देतं आणि जुन्या टिपा तशाच उघडतात, तर किल्ली त्यांच्याकडं आहे. त्यांचा माणूस वाचू शकतो, त्यांचा सर्व्हर फुटला तर फोडणारा वाचू शकतो. आणि काही तर त्याहून भारी. मजकूर साधाच ठेवतात, फक्त दाखवण्याआधी पासवर्ड विचारतात. दाराला कुलूप, भिंतच नाही.

बीडची_मास्तरीण

पटलं असं म्हणत नाही. मग ते पहिल्या दिवशी मोठ्या अक्षरांत सांगायला नको? "हा पासवर्ड विसरलात तर आम्हीही उघडू शकत नाही, कागदावर लिहून ठेवा." तिला कुठंही तसं दिसलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत असेल.

जालन्याचा_नेटवर्कवाला

ते शंभर टक्के मान्य. कागदावर लिहून कपाटात ठेवणं यात काही कमीपणा नाही. तुमच्या कपाटापर्यंत येणारा चोर आणि तुमच्या टिपा वाचायला बसलेला चोर हे सहसा एक नसतात.

अभ्यासिका_औरंगपुरा

भिंत आहे की नाही ते ओळखायचं कसं? मला बघायचंय.

जालन्याचा_नेटवर्कवाला

विंडोजवर क्रोमच्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये "लोकल एक्स्टेन्शन सेटिंग्ज" नावाचं फोल्डर असतं. त्यात प्रत्येक एक्स्टेन्शनचं ३२ अक्षरी ओळखनावाचं एक फोल्डर. तुमच्या एक्स्टेन्शनचं ओळखनाव एक्स्टेन्शनच्या पानावर "डेव्हलपर मोड" चालू केला की दिसतं. टिपेत एखादा विचित्र शब्द लिहा, "भुईमुगाचाबंगला" असं काहीतरी, जतन करा, ब्राउझर बंद करा. मग त्या फोल्डरची प्रत दुसरीकडं काढून प्रतीतली ".लॉग" फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि तो शब्द शोधा. सापडला तर कुलूप दिखाव्याचं. सापडला नाही तर मात्र लगेच नाचू नका, कारण तिथल्या दुसऱ्या फाइली दाबून ठेवलेल्या असतात, त्यात साधा मजकूरही सरळ दिसत नाही. सिंकवालं असेल तर त्याचं फोल्डर वेगळं, नाव "सिंक"नं सुरू होतं.

अभ्यासिका_औरंगपुरा

सापडला. मुक्तिसंग्रामाची टीप आख्खी वाचता येतेय. जेवढी जतन झाली होती तेवढी. 😂 तसंही त्यात लपवण्यासारखं काय आहे म्हणा, माझ्या टिपा चोरून कुणी पास झाला तर मीच पेढे वाटीन.

उदगीरचे_काका

आमच्या वहीला भिंत पण नाही आणि कुलूप पण नाही असं सोंग तरी नव्हतं.

सेलूचा_सेतूवाला

काका 🙏

आता माझं अजून एक राहिलंच. याच्या आधीचं जे एक्स्टेन्शन होतं ते बरं चालायचं. ब्राउझर अपडेट झाल्यावर ते करडं पडलं, "आता समर्थित नाही" का काय म्हणतंय आणि शेजारी "काढून टाका" बटण दाखवतंय. त्यात गेल्या हंगामातल्या सगळ्या नोंदी आहेत. काढून टाकून परत टाकलं तर चालू होईल का?

नांदेडचा_कोडवाला

थांबा थांबा थांबा. ते बटण दाबू नका. पोरांना पण सांगून ठेवा.

एक्स्टेन्शन बंद पडलं तरी त्याचा डेटा डिस्कवर असतो. काढून टाकलं की ब्राउझर डेटासकट साफ करतो. परत टाकलं तर कोरं येतं, आणि तुमच्या बाबतीत परत टाकताही येणार नाही. मी वर म्हटलं ना मॅनिफेस्ट व्ही३, त्याच्या आधीच्या व्ही२ रचनेतली एक्स्टेन्शनं क्रोमनं २०२४पासून टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि २०२५मध्ये चालू ठेवायची शेवटची पळवाटही काढली. ज्यांनी नव्या रचनेत आणलं नाही त्यांची सगळी करडी पडली. फार जण त्या पानावरचं बटण दाबून मोकळे होतात.

आधी ब्राउझर पूर्ण बंद करा. वर जालन्याच्या भाऊंनी सांगितलेलं फोल्डर आणि शेजारचं "एक्स्टेन्शन्स" फोल्डर, दोन्ही पेनड्राइव्हवर कॉपी करा. दुसऱ्या फोल्डरमध्ये एक्स्टेन्शनचा कोड असतो, म्हणजे उघडणारं यंत्र तिथं आहे. दोन्ही असली आणि पासवर्ड आठवत असला तर जुन्या आवृत्तीच्या क्रोमियममध्ये (क्रोम ज्यावर बनतो तो ब्राउझर), नेट काढून ठेवून, उघडायचा प्रयत्न करता येतो. जुना ब्राउझर रोजच्या कामाला मात्र वापरू नका, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. कॉपी झाली की व्यक्तिगत निरोप करा, फोनवर बसून करू.

मांजराकाठची

कोडवाले भाऊ, माझं पण बघा ना. "चुकीचा पासवर्ड".

नांदेडचा_कोडवाला

ताई, तुमचं वाचल्यापासून डोक्यात आहे. पासवर्ड इथं लिहू नका, फक्त हो-नाही सांगा. त्यात "ऱ्या" किंवा "ऱ्हा"सारखं अक्षर आहे का? आकडे आहेत का? आणि जुन्या लॅपटॉपवर मराठी कशानं टाइप करत होता?

मांजराकाठची

"ऱ्हा" आहे. आकडे पण आहेत. जुन्यावर इनस्क्रिप्ट कळफलक होता, नव्यावर पोरानं इंग्रजी अक्षरांतून मराठी होणारं टाकून दिलंय.

नांदेडचा_कोडवाला

मग सापडलं बहुतेक. ही "ऱ्हा" दोन तऱ्हांनी तयार होते. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक दिसतात. माणसाला फरक कळत नाही, पण किल्ली बाइटांवरून होते, आणि बाइट वेगळे. एका चिन्हाचा फरक पडला की किल्ली पूर्ण वेगळी. चांगला लिहिणारा पासवर्ड आधी युनिकोडच्या एका ठराविक रूपात आणतो, पण हे जोडचिन्ह त्या चाळणीतूनही तसंच राहतं.

आकड्यांचंही तेच. ५ आणि इंग्रजी पाच ही दोन वेगळी चिन्हं. एक कळफलक देवनागरी आकडा देतो, दुसरा इंग्रजी. आणि पासवर्डच्या खान्यात ठिपकेच दिसतात, मग कोणता पडला ते कळणार कसं?

नव्या लॅपटॉपवर विंडोजमधला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडा. टाकताना नोटपॅडमध्ये लिहून तिथून कॉपी करा, म्हणजे डोळ्यांना दिसेल. उघडलं की पहिल्यांदा पासवर्ड बदला. मराठीतलंच वाक्य ठेवायचं तर इंग्रजी अक्षरांत लिहा. चार-पाच असंबंधित शब्द, कुठल्याही कळफलकावर तसेच पडतील असे.

बीडची_मास्तरीण

हे आमच्या मैत्रिणीचंही असू शकतं का? ती पण मराठीत ठेवते असं वाटतं. विचारते.

जालन्याचा_नेटवर्कवाला

एक कटू बोलतो, राग मानू नका. सेतूवाले दादा, तुमच्या टिपेत गिऱ्हाइकांचे आधार क्रमांक आहेत का? पोर्टलचे पासवर्ड? ओटीपी आलेले मोबाइल नंबर?

एक्स्टेन्शन टाकताना ते कसली परवानगी मागतं ते वाचा. टिपा लिहायच्या एक्स्टेन्शनला "सगळ्या संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" कशाला पाहिजे? तुम्ही दिवसभर ज्या पोर्टलांवर लोकांची कागदं चढवता, ती सगळी पानं त्याला दिसतात. आज लिहिणारा सज्जन असेल. उद्या विकून टाकतो. द ग्रेट सस्पेंडर नावाचं लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. मालक बदलला आणि २०२१च्या फेब्रुवारीत गुगलनं ते घातक म्हणून काढून टाकलं. २०२४च्या डिसेंबरात तर सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचंच एक्स्टेन्शन. लिहिणाऱ्यांना फसवी मेल आली, त्यातून खात्याचा ताबा गेला आणि घातक अपडेट लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप उतरला. तुमचा पासवर्ड कितीही मोठा असू द्या, तो तुम्ही त्याच एक्स्टेन्शनच्या खान्यात टाइप करता.

सेलूचा_सेतूवाला

राग नाही, पण तुम्ही काउंटरवर बसून बघा. म्हातारा माणूस येतो, त्याला स्वतःचा मोबाइल नंबर येत नाही. पोरगं पुण्याला कंपनीत. परत आला की "मागच्या वेळी दिलं होतं की तुमच्याकडं" म्हणतो. मी नाही लिहून ठेवलं तर त्याला सातोन्याला परत जाऊन कागद आणावा लागतो, एक रोज बुडतो. नियम मला पण माहीत आहेत. आधार पूर्ण लिहीत नाही, शेवटचे चार आकडे लिहितो. पासवर्ड लिहून ठेवावे लागतात, त्याला इलाज नाही. अर्ध्या गावाचे पासवर्ड माझ्याच कडं आहेत आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

जालन्याचा_नेटवर्कवाला

शेवटचे चार ठीक. मास्क्ड आधारवरही तेवढेच दिसतात. पण अर्ध्या गावाचे पासवर्ड ब्राउझरच्या टिपेत नकोत, एवढंच म्हणणं. ते दुसरीकडं ठेवा.

नांदेडचा_कोडवाला

दुसरीकडं म्हणजे कुठं ते मी सांगतो, कारण हे नुसतं "नको" म्हणून सुटत नाही.

कीपासएक्ससी, पासवर्ड ठेवायचाच प्रोग्राम. फुकट, कोड सगळ्यांना बघायला खुला, नेट लागत नाही. सगळं एका कुलूपबंद फाइलमध्ये. गिऱ्हाइकागणिक नोंद करा, प्रत्येक नोंदीला नाव, पासवर्ड आणि खाली टिपांची मोठी जागा. मराठीला ८ केबीची भिंत नाही. किती वेळ हात लागला नाही की मिटायचं ते तुम्ही ठरवता. नोंद बदलली की स्वतः जतन करतो आणि नोंदीचं जुनं रूपही ठेवतो. फाइल पेनड्राइव्हवर टाकली की झाला बॅकअप. ब्राउझर अपडेट होवो, करडा पडो, हिला फरक नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. जोपलिन टिपांना छान, पण त्याचं एन्क्रिप्शन सिंक करताना आहे, तुमच्या कॉम्प्युटरवर टिपा उघड्याच राहतात, म्हणजे तुमच्या कामाचं नाही. वननोटमध्ये विभागाला पासवर्ड लावता येतो, विसरलात तर मायक्रोसॉफ्टही उघडून देत नाही, आणि कुलूप असेपर्यंत आतलं शोधता येत नाही. स्टँडर्ड नोट्स पूर्ण बंद असतं, अभ्यासिकेतल्या मित्राला बरं पडेल. गुगल कीपमध्ये एकेका टिपेला पासवर्ड लावायची सोयच नाही.

आणि दादा, त्या दोन पोरांना विंडोजची वेगळी खाती काढून द्या. क्रोममधलं वेगळं प्रोफाइल म्हणजे कुलूप नाही, कुणीही क्लिक करून दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जातं. विंडोजच्या खात्याला पासवर्ड, उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून पडद्याला कुलूप. निम्मा प्रश्न तिथंच मिटतो.

सेलूचा_सेतूवाला

वेगळी खाती केली की पोरं म्हणतात प्रिंटर सापडत नाही, थंब मशीन चालत नाही. ते बघतो मी. पण दर वेळी ब्राउझर सोडून दुसऱ्या खिडकीत जायचं म्हणजे गर्दीत जीवावर येतं. चालू गिऱ्हाइकाचं काम टिपेतच करणार, बाजूपट्टीवालं एखादं बघून. पासवर्ड आणि बाकी तेवढी तिकडं नेतो.

नांदेडचा_कोडवाला

चालतंय. गिऱ्हाईक गेलं की टीप पुसायची, तेवढं ठेवा.

मांजराकाठची

उघडलं!!! इनस्क्रिप्टनं टाकलं, आकडे मराठी. पहिल्या फटक्यात. सगळ्या बैठका जशाच्या तशा आहेत. कोडवाले भाऊ, केजला या कधी, हुरडा माझ्याकडून.

बीडची_मास्तरीण

ताई, अभिनंदन. आमच्या मैत्रिणीचं नाही उघडलं. तिचा पासवर्ड इंग्रजीत होता. तिला तो आठवतच नाही, तिथं काही चालत नाही.

उदगीरचे_काका

कोडवाले, ते कीपास म्हणता ते आमच्या जुन्या विंडोज ७ वर चालेल का? नातवानं वहीतलं टाइप करून देतो म्हटलंय.

नांदेडचा_कोडवाला

काका!! विंडोज ७ ला अपडेट बंद होऊन काळ लोटला, २०२० पासून. त्यावर पासवर्ड ठेवूच नका. नातवाच्या फोनवर कीपासडीएक्स टाका, त्याच प्रकारची फाइल उघडतं. आणि वही टाकून देऊ नका, मुख्य पासवर्ड तिच्यातच लिहा.

सेलूचा_सेतूवाला

फोल्डरं कॉपी झाली. "एक्स्टेन्शन्स"मध्ये त्याच ओळखनावाची दोन उपफोल्डरं आहेत, आवृत्तीचे आकडे वेगवेगळे. दोन्ही ठेवू का नवीनच? व्यक्तिगत निरोप टाकलाय. रविवारी दुकान बंद असतं, दुपारी केव्हाही फोन करा.

नांदेडचा_कोडवाला

दोन्ही ठेवा. रविवारी तीनला करतो.